खालच्या पायरीने दिलेला शब्द

(संकठा घाटाजवळच्या एका वाड्यात झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



काल संध्याकाळी मी खाली संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. नदीकडे तोंड केले की उजव्या हाताला शिंदे घाट आणि त्यापलीकडे मणिकर्णिकेचा धूर दिसतो, डाव्या हाताला गंगामहाल आणि त्याला लागून नागपूरकर भोसल्यांचा घाट. पुण्याला ताईला चार ओळी पाठवायच्या होत्या. मांडीवर लॅपटॉप घेतला आणि लिहिले, ‘मणिकर्णिका इथून दिसते आहे.’ अक्षरे उमटली, ओळ पूर्ण झाली, पत्र गेले. पापणी लवायच्या आत झालेल्या या कामाबद्दल मी आज तासभर बोलणार आहे. ‘मणिकर्णिका’ हा एक शब्द पडद्यावर नीट उमटावा म्हणून किती जणांनी एकमेकांना आधार दिला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असणे गरजेचे आहे, असे मला मनापासून वाटते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच गल्लीत लघुकौमुदी शिकवली. मी पुढे संगणकाकडे वळलो, पण त्यांचा एक प्रश्न सुटला नाही. सूत्राचा अर्थ सांगताना मी सूत्रात नसलेला एखादा शब्द घेतला की ते बोट वर करून विचारीत, “हे पद इथे कुठून आले?” मागच्या कोणत्या सूत्रातून ते वाहत आले, हे सांगता आल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती. गेली कित्येक वर्षे माझा धंदा हाच प्रश्न विचारण्याचा आहे. फक्त मी तो यंत्राला विचारतो.

लायब्ररी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे येतात. संगणकातली लायब्ररी म्हणजे तयार कामांची फाइल. अक्षर काढणे, फाइल उघडणे, तारीख मोजणे, मजकूर दाबून लहान करणे, ही कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहायची नाहीत; एकाने नीट लिहायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायची. पूर्वी अशी लायब्ररी वापरायची तर प्रोग्राम तयार करतानाच तिची एक प्रत त्याच्या पोटात चिकटवून टाकीत. शंभर प्रोग्राम, शंभर प्रती. शेअर्ड लायब्ररी, म्हणजे सामाईक लायब्ररी, ही त्याच्या उलट व्यवस्था. लायब्ररी डिस्कवर एकदाच असते, स्मृतीत तिचा मुख्य भाग एकदाच चढतो, आणि चालू असलेले सगळे प्रोग्राम त्याच एका प्रतीकडे पाहतात. ही कल्पना १९६० च्या दशकात मल्टिक्स या प्रणालीत आकाराला आली. स्मृती तेव्हा सोन्याच्या भावाची होती. आज ती स्वस्त झाली, तरी ही व्यवस्था टिकून आहे, कारण तिचा खरा लाभ जागेच्या बचतीपेक्षा मोठा होता.

आता ती ओळ जवळून पाहू. लिहिण्याच्या माझ्या साध्या प्रोग्रामला अक्षर काढता येत नाही. तो जीटीके नावाच्या लायब्ररीला सांगतो, ‘इथे मजकुराची चौकट दाखव.’ जीटीके मजकुराचे काम पँगोकडे देते. पँगोला ओळ कुठे मोडायची ते कळते, पण देवनागरीची जोडाक्षरे तिला जुळवता येत नाहीत. ती हार्फबझला हाक मारते. कोणता फॉन्ट घ्यायचा हे फॉन्टकॉन्फिग सांगते. फॉन्टमधल्या वळणदार रेषांचे ठिपके करण्याचे काम फ्रीटाइपचे. फ्रीटाइपला दाबून ठेवलेला फॉन्ट उलगडायला झेडलिब लागते. आणि या सगळ्यांच्या तळाशी, प्रत्येकाला लागणारी, ‘सी’ भाषेची मूळ लायब्ररी, जिला आम्ही लिबसी म्हणतो.

हार्फबझपाशी थोडे थांबतो, कारण आपली लिपी तिथे जुळते. ‘मणिकर्णिका’ हा शब्द संगणकाच्या साठवणीत दहा खुणांचा आहे: म, ण, पहिली वेलांटी, क, र, पाय मोडण्याची खूण, ण, पुन्हा पहिली वेलांटी, क आणि काना. ज्या क्रमाने आपण उच्चारतो, साधारण त्याच क्रमाने त्या ठेवलेल्या असतात. पण लिहिताना आपण काय करतो? वेलांटी ‘ण’च्या आधी काढतो. ‘र’ उच्चारात ‘ण’च्या आधी येतो, पण कागदावर तो रफार होऊन ‘ण’च्या डोक्यावर चढतो. म्हणजे ‘र्णि’ या एका अक्षरात पहिला वर्ण शेवटी जातो आणि शेवटचा पहिल्या जागी येतो. हार्फबझ त्या दहा खुणांची म, णि, क, र्णि, का अशी पाच अक्षरे पाडते, प्रत्येकातला मुख्य वर्ण ओळखते, वेलांटी मागून पुढे आणते, पाय मोडलेल्या ‘र’चा रफार करते आणि तो कुठे बसवायचा हे फॉन्टमधल्या कोष्टकांना विचारते. या साखळीतला एकच दुवा जुना राहिला की काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वेलांटी ‘ण’च्या नंतर लोंबते, रफाराच्या जागी पाय मोडलेला ‘र’ उघडा पडतो, शब्द ओळखू येत नाही. अशा वेळी लोक म्हणतात, ‘फॉन्ट गेला.’ फॉन्ट बहुतेक वेळा जागेवरच असतो. गेलेला असतो तो मधल्या कुणाचा तरी शब्द.

हार्फबझ हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे, खुले. ती मुख्यतः घडवली इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सारे मराठी अक्षर तिच्याकडूनच जुळवून घेतात. आपल्या खिशातल्या फोनवर जे मराठी दिसते, त्यातले बरेचसे या एका लायब्ररीच्या भरवशावर दिसते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो आहे.

कोण कुणावर उभे आहे, हे पाहायचे असेल तर लिनक्स या प्रणालीवर एलडीडी नावाची आज्ञा आहे. तिला प्रोग्रामचे नाव द्यावे. ती त्याला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते, प्रत्येकीपुढे ती डिस्कवर कुठे सापडली तो मार्ग लिहिते, आणि जी सापडली नाही तिच्यापुढे ‘सापडली नाही’ असे लिहिते. एलडीडी म्हणजे गुरुजींचे वर केलेले बोट: हे इथे कुठून आले?

व्याकरणाचा हा धागा मी केवळ गुरुजींच्या स्मरणासाठी ओढत नाही. काशीतल्या मराठी पंडितांनी ज्या शास्त्रात आयुष्ये घातली, त्याची बांधणीच सामाईक आधारावर झालेली आहे. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ कसे होते, ते सांगणारे पाणिनीचे सूत्र इक्, यण् आणि अच् या तीन नावांवर उभे आहे. इक् म्हणजे कोणते वर्ण, हे त्या सूत्रात लिहिलेले नाही. ते चौदा माहेश्वर सूत्रांच्या कोष्टकात पाहायचे. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि वर्णांची ही नावे जागोजागी येतात. प्रत्येकाने त्याच एका कोष्टकाकडे जायचे. त्या कोष्टकातला एक वर्ण जागचा हलवला तर दूरवरची सूत्रे भलतेच सांगू लागतील. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धांतकौमुदीत सूत्रांचा क्रम विषयवार लावला, तेव्हा मागच्या सूत्रांतून वाहत येणारी पदे तुटली. ती त्यांना प्रत्येक सूत्राच्या वृत्तीत पुन्हा भरून द्यावी लागली. लायब्ररींची जागा हलवली की आम्हालाही नेमके हेच करावे लागते.

आणि नागेशभट्ट. आडनाव काळे, कर्मभूमी काशी. त्यांच्या परिभाषेन्दुशेखरात शंभराहून अधिक परिभाषा, म्हणजे सूत्रे कशी लावायची याचे नियम, आहेत. दोन सूत्रे एकाच जागी लागू पडत असतील तर जोर कुणाचा, या प्रश्नाची चर्चा त्यात जितक्या बारकाईने झाली आहे, तितकी मी अन्यत्र क्वचित पाहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी तो ग्रंथ संपादून इंग्रजीत नेला. दोन लायब्ररींत एकाच नावाचे काम असेल तर हाक कुणाला जाते? लिनक्सचा नियम साधा आहे: शोधाच्या क्रमात जी आधी सापडेल ती. नागेशांना हा नियम पुरेसा वाटला नसता आणि आम्हालाही तो पुरत नाही. सर्वसाधारण नियमापेक्षा अपवाद बलवान ठरवण्याची त्यांची व्यवस्था अधिक प्रगल्भ होती, असे माझे मत आहे.

शोधाचा हा खटाटोप मुळात का लागतो? १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत लिनक्सवर प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीत ठरलेली जागा असे, घाटावर पंड्यांच्या छत्र्यांना असते तशी. कुणाची जागा कोणती, याची मध्यवर्ती यादी सांभाळावी लागे. नवी लायब्ररी करणाऱ्याने आधी जागा मागून घ्यायची. लायब्ररी वाढली आणि शेजाऱ्याच्या जागेत गेली तर भांडण. १९९५ च्या आसपास लिनक्स ईएलएफ या नव्या रचनेकडे गेले आणि हा जाच संपला. आता लायब्ररी जिथे जागा मिळेल तिथे बसते. प्रोग्रामपाशी एक कोष्टक असते. त्यात सुरुवातीला खरे पत्ते नसतात. पहिल्यांदा एखादे काम मागितले की लायब्ररी स्मृतीत चढवणारा लोडर ते शोधतो, पत्ता कोष्टकात लिहून ठेवतो, आणि दुसऱ्यांदा सरळ त्या पत्त्यावर जातो.

पत्ता बदलला तरी चालेल, पण नाव आणि वागणूक बदलता कामा नये, असा हा करार आहे. माझ्या विषयाचा गाभा हाच. लायब्ररीच्या फाइलच्या नावात एक अंक असतो. तो अंक म्हणजे तिने दिलेला शब्द आहे: जोवर हा अंक तोच आहे, तोवर माझ्यावर विसंबून लिहिलेला कोणताही जुना प्रोग्राम चालेल. वागणूक मोडायची वेळ आली तर अंक बदलायचा, म्हणजे जुन्यांना जुनी मिळत राहील. लिनक्सवरची लिबसी १९९७ साली ६ या अंकावर आली. तिचे नाव तेव्हापासून आजपर्यंत ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’ असेच आहे. या काळात तिच्या आत हजारो बदल झाले, यंत्रे बत्तीस बिटांवरून चौसष्टवर गेली, पण अंक हलला नाही. एखाद्या घराण्याने दिलेला शब्द तीन पिढ्या पाळावा, तशी ही गोष्ट मला वाटते. तिच्यामागे कुणाचे भाषण नाही, पुतळा नाही. फक्त कोणीतरी दर वेळी ‘यामुळे जुने काही मोडेल का?’ असा प्रश्न विचारीत राहिले.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत मी एकदा मोजली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कंपनीच्या सर्व्हरवर मला एक नवा प्रोग्राम चालवायचा होता. त्याला नवी लिबसी हवी होती. रात्रीचे साडेदहा झाले होते. मी जुन्या फाइलचे नाव बदलून ती बाजूला सरकवली आणि नवी तिच्या जागी ठेवायला गेलो. पुढची आज्ञा दिली, फाइलींची यादी दाखव. उत्तर आले, लायब्ररी सापडत नाही. फाइल कॉपी कर, तेच उत्तर. नाव पुन्हा पूर्वीसारखे कर, तेच उत्तर. कारण नाव बदलणाऱ्या त्या चिमुकल्या प्रोग्रामलाही लिबसी लागते, आणि ती मी त्याच्याकडूनच दूर करवून घेतली होती. यंत्र चालू होते, पण नवे काहीही सुरू होत नव्हते. आधीपासून चालू असलेले प्रोग्राम मात्र बिनधोक चालत राहिले, कारण त्यांनी धरून ठेवलेली लायब्ररी फाइलचे नाव बदलले तरी स्मृतीत जिवंत होती. त्या सर्व्हरवरची संकेतस्थळे वाचणाऱ्यांना त्या रात्री काही कळलेही नाही.

मार्ग दाखवला तो एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, फोनवरून. “चालू असलेली खिडकी बंद करू नकोस,” हे त्यांचे पहिले वाक्य. मग त्यांनी एसएलएन नावाच्या आज्ञेचे नाव सांगितले. लिबसी करणाऱ्यांनीच ती दिलेली असते आणि ती कोणत्याही सामाईक लायब्ररीवर उभी नसते. तिला लागणारे सारे तिच्या पोटात असते. जुन्या नावाने पुन्हा दुवा जोडायचा, एवढेच काम ती करते. तिने ते केले. यंत्र पुन्हा बोलू लागले. आपल्यावर सगळे उभे आहेत हे ठाऊक असलेल्या माणसांनी, आपण कोसळलो तर काय, याचाही विचार करून ठेवला होता. त्या रात्री मला या लोकांबद्दल जो आदर वाटला तो आजही कमी झालेला नाही.

शब्द पाळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. लिबसीत एक काम आहे, मेमकॉपी. स्मृतीतला मजकूर इथून उचलून तिथे ठेवणे. तिच्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की दोन्ही जागा एकमेकींत घुसलेल्या नसाव्यात. अनेक वर्षे नियम मोडला तरी काम होऊन जाई, कारण नक्कल पुढून मागे होत असे. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीत वेगासाठी नकलेची पद्धत बदलली आणि लोकांच्या फ्लॅश प्लेअरमधला आवाज फाटू लागला. फ्लॅशने नियम मोडला होता, हे खरे. लिबसीने नियमातले अक्षर मोडले नव्हते, हेही खरे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र वापरणाऱ्यांची बाजू घेतली: ज्याचे गाणे बिघडले त्याला नियमाचे कलम दाखवून काय उपयोग? पुढच्या वर्षी लिबसीने तोड काढली. मेमकॉपीच्या नावामागे आवृत्तीची खूण लावली. जुन्या प्रोग्रामांना जुनी, सावध नक्कल मिळू लागली आणि नव्यांना वेगवान. दोन्ही एकाच फाइलमध्ये. मला विचाराल तर टोरवाल्ड्स यांचे म्हणणे बरोबर होते. लोक आपल्यावर कशासाठी विसंबले आहेत, तेच आपले वचन. कागदावर काय लिहिले होते हे नंतर पाहायचे.

विंडोजवर १९९० च्या दशकात याची उलटी बाजू घरोघरी दिसली. नवा प्रोग्राम बसवला की तो सामाईक फाइलीवर स्वतःची, कधी जुनीच, प्रत लिहून टाकी आणि काल चालणारे दुसरे काहीतरी आज बंद पडे. मायक्रोसॉफ्टने पुढे अशा फाइलींना संरक्षण दिले आणि वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवायची सोय केली.

मग प्रत्येकाने आपापली प्रत जवळ बाळगावी, हे बरे नाही का? हा प्रश्न आज पुन्हा जोरात विचारला जातो. डिस्क स्वस्त आहे, गो आणि रस्ट या भाषांत बहुतेक सारे प्रोग्रामच्या पोटातच घालतात, आणि कंटेनर म्हणजे तर घरासकट अंगण उचलून नेणे. मी या पद्धतींचा शत्रू नाही. जिथे दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहणे परवडत नाही, तिथे त्या योग्यच आहेत. पण २००२ च्या मार्चमधली झेडलिबची गोष्ट विसरू नये. तिच्यात एकच स्मृती दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. दुरुस्त आवृत्ती, १.१.४, लगेच आली. जिथे झेडलिब सामाईक होती, तिथे एक फाइल बदलली आणि यंत्र सुरक्षित झाले. पण कितीतरी प्रोग्रामांनी तिची प्रत स्वतःच्या पोटात घेतली होती. लिनक्सच्या गाभ्यातही एक होती. मग शोधमोहीम सुरू झाली, कुणाकुणाच्या पोटात ही जुनी प्रत आहे? ज्याची नोंदच नाही ते शोधायचे कसे? या गल्ल्यांतल्या घरांना सामाईक भिंती आहेत. भिंतीत ओल आली तर दोन्ही घरांना कळते आणि दोघे मिळून गवंडी बोलावतात. ज्याने आतून स्वतःची वेगळी भिंत उभारली, त्याला ओल कळते ती पोपडे पडल्यावर.

तरीही सामाईक असण्यात एक धोका आहे आणि तो लपवून मी माझी बाजू मांडणार नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक शोध जाहीर केला. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. वेगाच्या चाचण्या घेताना त्यांना दिसले की दूरच्या यंत्रावर शिरताना, म्हणजे एसएसएचने लॉगिन करताना, नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर दुर्लक्ष केले असते. ते मागे मागे गेले. एसएसएचची अंगभूत गरज फार मोजकी आहे, तिच्यावर लक्ष ठेवणारे डोळे पुष्कळ आहेत. पण काही लिनक्स प्रणालींनी तिच्यात छोटी भर घातली होती: ‘मी सुरू झाले’ हा एक निरोप तिने यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला द्यावा. त्या निरोपासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीला दाबून ठेवलेल्या नोंदी वाचायला लिबएलझेडएमए लागत होती. आणि लिबएलझेडएमएच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा पेरला होता.

साखळी पाहा. दाराच्या पहारेकऱ्याला मजकूर दाबण्याच्या लायब्ररीची काही गरजच नव्हती. ती आली ती शेजाऱ्याच्या शेजाऱ्यामार्फत. ती लायब्ररी वर्षानुवर्षे मुख्यतः लासे कोलिन हे एकच गृहस्थ, बिनमोबदला, सांभाळत होते. थकलेले होते. दोनेक वर्षे कुणी एक टोपणनावाचा माणूस मदतीला येत राहिला, विश्वास मिळवत गेला, आणि शेवटी चाव्या त्याच्या हाती आल्या. चोरदरवाजा लक्षावधी यंत्रांपर्यंत पोचण्याआधी सापडला, कारण एका माणसाने अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागितला. हे पद इथे कुठून आले, हाच तो प्रश्न. त्यानंतर एसएसएच करणाऱ्यांनी तो निरोप पाठवण्याचे काम स्वतःच्या काही ओळींत लिहून टाकले आणि सिस्टमडीच्या नव्या आवृत्तीतही दाबण्याच्या लायब्ररी गरज पडली तरच उघडायची पद्धत आली. एका निरोपासाठी अख्खे बिऱ्हाड जोडू नये, हे शहाणपण आले.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचते ती तांत्रिक बाजू नव्हे. लाखो यंत्रे ज्यावर उभी, त्या पायरीवर एक दमलेला माणूस एकटा होता, आणि वर उभ्या असलेल्या मोठमोठ्या कंपन्यांना त्याचे नावही माहीत नव्हते. शिंदे घाट आपल्या शेजारीच आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी तो भव्य बांधला, आणि तो स्वतःच्याच भाराने खचला. दगड उत्तम होता, कारागीर उत्तम होते. खालच्या गाळावर किती भार पडतो आहे, तेवढे हिशेबात कमी पडले. पुढच्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला.

आता आपल्या भाषेकडे येतो. मराठीने संगणकावरची पहिली बरीच वर्षे बिनसामाईक काढली. आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी एकच सामाईक संकेत घडवला. १९९१ साली तो इस्की या नावाने भारतीय मानक झाला, आणि युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच आधीच्या आवृत्तीच्या पायावर उभी राहिली. पण छापखान्यांत वेगळेच चालले होते. प्रत्येक फॉन्ट-कंपनीचा आपला संकेत. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतेच चिन्ह होई. एका साप्ताहिकाचा मजकूर दुसऱ्याला द्यायचा तर पुन्हा टंकायचा. त्या काळातली कितीतरी पुस्तके आज फाइल असूनही वाचता येत नाहीत, कारण ज्या फॉन्टच्या पोटात त्यांची किल्ली होती तो फॉन्टच नाही. स्वतःची प्रत जवळ बाळगण्याचा हा शेवट. मी अशा फाइली सोडवण्यात अनेक रात्री घालवल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटले आहे.

युनिकोड आले, रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट सर्वांसाठी खुला केला आणि त्याची बरीच देखभाल पुण्यातून झाली. हार्फबझ पक्की झाली. पण सामाईक घरात आपली गरज आपण सांगावी लागते. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत. फॉन्टमध्ये त्यासाठी मराठीची वेगळी सोय ठेवता येते, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने खाली कळवले तरच ती जागी होते. आणि ‘ऱ’चे तर विचारूच नका. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यांत पहिल्यात पंडित आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. वाऱ्यात, दऱ्याखोऱ्यांत, कुऱ्हाडीत तो आहे. तो टिकावा म्हणून युनिकोडच्या नियमात, हार्फबझमध्ये आणि प्रत्येक फॉन्टच्या कोष्टकात त्याची वेगळी व्यवस्था लागते. तीन ठिकाणी दिलेला शब्द तिन्ही ठिकाणी पाळला गेला तरच आपल्याला तो अर्धा ‘र’ दिसतो.

लायब्ररी एकमेकींवर किती गुंतागुंतीने उभ्या असतात, याचे माझे आवडते उदाहरणही याच साखळीत आहे. हार्फबझला फॉन्टमधल्या आकृत्यांची मापे घ्यायला फ्रीटाइप उपयोगी पडते. आणि फ्रीटाइपला लहान आकारातली अक्षरे रेखीव करताना कोणते आकार कोणत्या लिपीचे, हे कळायला हार्फबझ लागते. मग आधी कोण? प्रणाली बांधणारे फ्रीटाइप आधी हार्फबझविना बांधतात, तिच्यावर हार्फबझ बांधतात, आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदा, हार्फबझसह. वर्षानुवर्षे आम्ही असेच केले आहे. आपण पडद्यावर वाचतो त्या मराठी अक्षराखाली या दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या असतात.

आता पुन्हा त्या ‘ऱ’कडे. या सभागृहात बरीच मंडळी कऱ्हाडे असतील. आपले आडनाव, आपल्या गावाचे नाव, कऱ्हेचे नाव, एखाद्या संकेतस्थळावर, रेल्वेच्या तिकिटावर, बँकेच्या पुस्तकात तुटलेले दिसले तर मुकाट्याने ‘कर्हाडे’ लिहून मोकळे होऊ नका. स्वतःपुरता उपाय शोधून थांबू नका. मूळ लायब्ररी सांभाळणाऱ्यांना कळवा. त्यांची नोंदवही सर्वांसाठी उघडी असते. तुटलेल्या शब्दाचे एक चित्र, तोच शब्द बरोबर लिहिलेला, फॉन्टचे नाव आणि प्रणालीची आवृत्ती, एवढे पुरते. इंग्रजी साधे असले तरी चालते. आणि ज्या तरुणांना यातले काम येते, त्यांनी खालच्या कोणत्या तरी एका पायरीवर, जिथे एकटा माणूस उभा आहे, तिथे आठवड्याचे दोन तास जावे. तिथे माणसांची गरज आहे.